काखेतील गाठ

स्तनाचा कर्करोग काखेतील गाठींपर्यंत गेला आहे असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे रुग्णाच्या घरची मंडळी त्या वाक्यातील एकच शब्द घरी घेऊन जातात. तो शब्द म्हणजे ‘पसरला’. पैसा उभा करावयाचा की नाही, बाईला मोठ्या शहरी न्यावयाचे की गावीच जडीबुटी देत बसावयाचे, हे मग त्या एका शब्दावर ठरते. परंतु या शब्दाच्या पोटात दोन अगदी निराळ्या अवस्था दडलेल्या आहेत. रोग यकृत, फुप्फुस वा हाडे यांत जाऊन बसला असेल, तर आजच्या वैद्यकास तो पुष्कळदा दीर्घकाळ आटोक्यात ठेवता येतो, पण समूळ घालविणे क्वचितच साधते. तो काखेपर्यंतच पोचला असेल, तर मात्र उपचार करावयाचे ते रोगी पूर्ण बरा व्हावा याच हेतूने. हा भेद ज्या घरात कोणी समजावून देत नाही, तेथे बरी होण्याजोगी बाई हातची जाते.

काखेतील या ग्रंथी रोगाने निर्माण केलेल्या नसतात. पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे खेड्यातील पोरालाही ठाऊक असते. अवधाण म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथीच. पेशींच्या मधून झिरपणारा पाण्यासारखा द्रव, ज्यास लसीका म्हणतात, तो बारीक नलिकांतून वाहत येऊन या ग्रंथींत गाळला जातो व शेवटी रक्तास मिळतो. स्तनातील बहुतेक लसीका काखेकडे जाते. रोगाच्या सुटलेल्या पेशीही याच वाटेने येतात आणि तेथे रुजतात.

या ग्रंथी जणू जकात नाकी आहेत, अशी एकोणिसाव्या शतकात समजूत होती. रोग एका नाक्यावर अडतो, तो ओलांडला की पुढच्या नाक्याकडे जातो. तेव्हा नाक्यांसकट सारा मुलूख कापून काढला म्हणजे रोग निपटला! बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शस्त्रवैद्य विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये अशा ५० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ते स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकसंध काढीत. त्या काळी जखमेच्या जागीच रोग पुन्हा उगवणे नित्याचे होते. ते प्रमाण त्यांनी पुष्कळच खाली आणले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पुढे पाऊणशे वर्षे हीच शस्त्रक्रिया प्रमाण मानली गेली. बायकांनी तिची किंमत खोलगट छातीने आणि जन्मभर सुजलेल्या हाताने मोजली. तरीही ज्यांच्या काखेत रोग सापडला होता, अशा अनेकजणी काही वर्षांनी हाडांतील वा फुप्फुसातील कर्करोगाने जातच राहिल्या.

पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी या समजुतीची परीक्षा घेतली. १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या प्रयोगात, ज्यांची काख हाताला निर्दोष लागत होती अशा हजाराहून अधिक स्त्रियांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटावर हॉलस्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्यात स्तन काढून किरणोपचार दिले, तिसऱ्यात केवळ स्तन काढला. पहिल्या गटातील ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा शेकडा ४० स्त्रियांत रोग आढळला. अर्थात तिसऱ्या गटातही तितक्याच स्त्रियांच्या काखेत तो मागे राहिला असला पाहिजे. असे असूनही त्यांच्यापैकी शेकडा १८-१९ जणींनाच पुढे काखेत गाठ आली, आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५ वर्षांच्या हिशेबात तिन्ही गटांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. काखेतील ग्रंथी हा रोगाला अडविणारा नाका नव्हे. ती रोगाच्या हालचालीची नोंदवही आहे. तेथे नोंद सापडली, तर काही पेशी रक्तावाटे अन्यत्रही निसटल्या असाव्यात असे धरून चालावे लागते, आणि त्यांना गाठावयाचे तर औषधही रक्तावाटेच द्यावे लागते.

ते देऊन पाहिले मिलानच्या जान्नी बोनादोन्ना यांनी. काखेत रोग सापडलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर वर्षभर तीन औषधांची केमोथेरपी दिली. १९७६ मध्ये त्यांनी पहिले निष्कर्ष मांडले : सुमारे सव्वादोन वर्षांत औषध न घेतलेल्यांपैकी शेकडा २४ जणींना रोग उलटला, घेतलेल्यांपैकी शेकडा ५.३ जणींना. काळ जाता हे अंतर कमी झाले, तरी नाहीसे झाले नाही. आजचे उपचार याच पायावर उभे आहेत. गाठ मोठी असेल तर केमोथेरपी आधी, शस्त्रक्रिया मागाहून. संप्रेरकांवर पोसणारा रोग असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा तत्सम गोळी ५ ते १० वर्षे. साधारण पाचांतील एकीच्या रोगात हर-२ नावाचे प्रथिन वाजवीपेक्षा अधिक असते, तिच्यासाठी ट्रास्टुझुमॅब. या औषधाने रोग परतण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते, असे २००५ मध्ये दिसून आले. किरणोपचार आजही लागतात, विशेषतः ४ किंवा अधिक ग्रंथी बाधलेल्या असतील तेव्हा.

काखेतील शस्त्रक्रियाही आता आटोपशीर झाली आहे. निळा रंग वा किरणोत्सारी द्रव्य टोचून लसीका प्रथम कोणत्या ग्रंथीत येते हे पाहतात, व तेवढ्याच काढून तपासतात. त्यांपैकी १-२ बाधलेल्या निघाल्या तरी स्तन राखून किरणोपचार घेणाऱ्या योग्य त्या रुग्णांत बाकीच्या काढण्याची गरज नसते, असे अमेरिकेतील ८९१ स्त्रियांच्या १० वर्षांच्या अनुभवावरून २०१७ मध्ये स्पष्ट झाले. हात सुजण्याचे संकट त्यामुळे पुष्कळ टळते. धुणे, दळण, पाणी ओढणे ज्यांना चुकत नाही, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट किरकोळ म्हणता यावयाची नाही.

आपल्या देशातील एका कामाचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीभोवती लिडोकेन टोचून पाहिले. हे दंतवैद्याच्या दवाखान्यातही असणारे साधे, स्वस्त बधिरीकरणाचे औषध. देशातील ११ केंद्रांतील सुमारे १,६०० स्त्रियांवरील या प्रयोगाचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ५ वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. महागड्या औषधांच्या जमान्यात इतक्या थोड्या खर्चात एवढे पदरात पडणे विरळाच.

शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा अहवाल हाती येतो. त्यात किती ग्रंथी तपासल्या, त्यांपैकी किती बाधलेल्या निघाल्या, हे लिहिलेले असते; संप्रेरकांची व हर-२ ची तपासणी त्याच कागदावर वा स्वतंत्र कागदावर येते. यकृत, फुप्फुस व हाडे यांची तपासणी झाली का आणि ती निर्दोष आहेत का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे. अहवालाच्या दोन प्रती काढून एक घरी ठेवावी. पुढील दहा वर्षे प्रत्येक नवा डॉक्टर प्रथम तोच कागद मागतो.