हिरव्या वाळूची ठेव

वाळू म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दिवेआगर नाहीतर गणपतीपुळ्याचा किनारा येतो. वाळूचा रंग तो काय असायचा! पण ती शेवाळी हिरवीही असते, हे पाहायचं तर हवाई बेटांतल्या सर्वांत मोठ्या बेटाच्या दक्षिण टोकाला जायला हवं. तिथल्या किनाऱ्याचं नाव पापाकोलेआ. अशा हिरव्या वाळूचे किनारे साऱ्या जगात अगदी मोजके.

का लाए हे त्या टोकाचं नाव. अमेरिकेच्या ५० राज्यांतलं हे सर्वांत दक्षिणेकडचं ठिकाण. होड्या बांधून ठेवण्यासाठी जुन्या कोळ्यांनी खडकात कोरलेली भोकं इथं अजून दिसतात. १९६२ मध्ये या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. इथून किनाऱ्याकिनाऱ्यानं सुमारे चार किलोमीटर चालायचं. चढ फारसा नाही. पण सावलीला एक झाड नाही, प्यायला पाणी नाही आणि वारा असा की टोपी हातानं धरूनच चालावं लागतं. साठी ओलांडलेल्या आम्हा उभयतांना दीड तास लागला. शेवटी कड्यावरून खाली उतरायचं, तिथं मात्र गुडघे कुरकुरले.

हा कडा म्हणजे पुऊ महाना नावाच्या टेकडीचं उरलेलं अर्धं अंग. मौना लोआ या अजस्र ज्वालामुखीच्या कुशीत सुमारे ४९ हजार वर्षांपूर्वी झालेल्या उद्रेकातून ही राखेची टेकडी उभी राहिली. तिच्या पोटात ऑलिविन नावाच्या खनिजाचे हिरवे स्फटिक आहेत. लाव्हारस थंड होऊ लागला की त्यात आधी तयार होणाऱ्या खनिजांपैकी हे एक. याचेच मोठे, नितळ खडे पेरिडॉट म्हणून दागिन्यांत बसवतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हारसाचाच आणि त्यातही काही ठिकाणी ऑलिविन सापडतं. तेव्हा नातं अगदीच परकं नाही.

मग किनारा हिरवा कसा झाला? ते काम समुद्राचं. लाटा टेकडी पोखरतात, राख हलकी म्हणून वाहून नेतात आणि जड ऑलिविन मागं राहतं. आमच्या घरी तांदूळ पाखडताना कोंडा उडून जाई आणि दाणे सुपात राहत, तसंच हे. समुद्राचं हे पाखडणं हजारो वर्षं चालू आहे.

पण बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला इथं एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. या खात्यात नवा भरणा नाही. ती टेकडी पुन्हा पेटणार नाही. आहे ती शिल्लक. ती संपली की हिरवा रंगही ओसरणार. समुद्र काढतो ते त्याच्या गतीनं. माणसाची घाई मात्र निराळी. चालायला नको म्हणून लोक पैसे मोजून उघड्या ट्रकमधून इथं येतात. चाकांनी त्या माळावर काही ठिकाणी कंबरभर खोल चर पडले आहेत, माती वाहून जाते आणि जुन्या वस्तीच्या खुणाही त्याखाली चिरडल्या जातात. ही जमीन १९२१ च्या कायद्यानं मूळ हवाईयन लोकांसाठी राखून ठेवलेली आहे. ट्रक हाकणारी माणसंही स्थानिकच असतात आणि त्यांचीही त्यावर चूल पेटते, हेही खरं. म्हणून हा हिशेब सोपा नाही.

किनाऱ्यावरची वाळू नेण्यास तिथल्या कायद्यानं बंदी आहे. गंमत म्हणजे अंगाला किंवा कपड्यांना नकळत चिकटून गेलेली वाळू कायद्याला माफ आहे. तरीही परतताना आमच्या सौभाग्यवती कड्याच्या पायथ्याशी बसल्या, दोन्ही बूट काढून झटकले आणि मोज्यांच्या घडीतले चार कणही नखानं टिपून खाली टाकले. कायदा त्यांना ठाऊक नव्हता. ज्याचं त्याला द्यावं, एवढं ठाऊक होतं.

कुणी नातेवाईक त्या बाजूला राहत असतील आणि जाण्याचा योग आला, तर पाणी भरपूर घ्या, सकाळी लवकर निघा आणि पाय चालत असतील तर पायीच जा. समुद्र खवळलेला असेल तर पाण्यात उतरू नका. काठावर बसून मूठभर वाळू तळहातावर घ्या, उन्हाकडे धरा आणि तिचे हिरवे कण निरखा. या ठेवीवरचं व्याज तेवढंच आणि ते भरपूर आहे. मुद्दल तिथंच राहू द्यावी, आपल्यामागून येणाऱ्यांसाठी.