बुबुळाची न भरणारी जखम

डोळ्यात रुग्णाच्या स्वतःच्याच रक्तापासून केलेले औषध घालतात, असे सांगितले तर पुष्कळांना ते खरे वाटत नाही. पण बुबुळावरची जी जखम नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, तिच्यावर मोठ्या नेत्ररुग्णालयांत हा उपाय केला जातो.

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो पारदर्शक राहतो. प्राणवायू आणि पोषण त्याला अश्रूंतून व डोळ्याच्या आतील पाण्यातून मिळते. कचरा जाऊन त्याचा वरचा थर खरचटला, तर तो साधारणपणे एक-दोन दिवसांत भरून येतो. उपचार करूनही दोन आठवड्यांत भरला नाही, तर ती चिवट जखम समजावी. जुना मधुमेह, डोळ्याजवळची नागीण, चेहऱ्याचा लकवा, चुन्याने भाजणे ही त्याची मुख्य कारणे.

यात एक धोका लक्षात ठेवा. मधुमेहाने किंवा नागिणीने बुबुळाची संवेदना कमी होते. माझ्याकडे येणाऱ्या एका मधुमेही बाईंच्या कपाळावर नागीण उठली होती. पुरळ वाळला, पण डोळा लाल राहिला. दुखत नव्हता, म्हणून त्या महिनाभर घरीच थांबल्या. तपासले तेव्हा बुबुळावर जखम होती. त्यांना मुंबईला पाठवले. तिथे इतर उपचारांसोबत रक्तद्रवाचे थेंब सुरू झाले आणि काही आठवड्यांनी जखम भरली. नजर मात्र थोडी अंधूकच राहिली.

हे थेंब करतात कसे? रुग्णाच्या हातातून रक्त काढून ते गोठू देतात. मग यंत्रात फिरवून वरचा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, वेगळा करतात. बहुधा एक भाग सीरममध्ये चार भाग निर्जंतुक सलाईन मिसळतात. सीरममध्ये ‘अ’ जीवनसत्त्व, फायब्रोनेक्टिन आणि पेशींची वाढ करणारे घटक असतात. अश्रूंतही असे घटक असतात, म्हणून हे औषध अश्रूंचे काम करते. १९७५ साली अमेरिकेत रसायनाने भाजलेल्या डोळ्यांसाठी सीरम वापरल्याची नोंद आहे. १९८४ मध्ये कोरड्या डोळ्यांसाठी आणि १९९९ मध्ये जपानमध्ये न भरणाऱ्या जखमांसाठी त्याचा उपयोग प्रसिद्ध झाला.

या थेंबांत जंतुनाशक घातलेले नसते, त्यामुळे ते लवकर दूषित होतात. बाटली थंड जागी ठेवावी, सांगितलेल्या मुदतीनंतर फेकून द्यावी आणि दुसऱ्याच्या डोळ्यात कधीही घालू नये. आपलेच रक्त आहे म्हणून घरी असा प्रयोग करणे म्हणजे डोळ्यात जंतू सोडणे होय.

हा उपाय सर्वांना लागू पडत नाही. पापणी मिटत नसेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा लागतो. जखमेत जंतू किंवा बुरशी असेल तर आधी तिचे औषध हवे. आपल्याकडे भातकापणीत पाते लागते, डायच्या कामात पोलादाचा कण उडतो. अशा वेळी दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. बुरशीची जखम त्याने झपाट्याने वाढते.

पोराच्या हातात चुन्याची पुडी देऊ नका. डोळ्यात चुना गेलाच तर पापण्या उघडून खडे काढा आणि निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा. मगच दवाखान्याकडे निघा. आणि मधुमेह असेल, डोळा लाल असेल, पण दुखत नसेल, तरी त्याच दिवशी दाखवा. सीरमचे थेंब जखम भरतात, पण उशिरामुळे पडलेला डाग ते पुसत नाहीत.