घरी पाठ, शाळेत शंका

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, डोंगराळ भागात वुडलंड पार्क नावाचे लहानसे गाव आहे. तेथील विद्यार्थी सामन्यांसाठी दूरवर जात व त्यांचे तास बुडत. यास्तव २००७ साली जोनाथन बर्गमन व एरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी आपले पाठ चित्रित करून इंटरनेटवर ठेवले. लवकरच त्यांच्या ध्यानी आले की, पाठ घरी ऐकून झाला म्हणजे शाळेतील वेळ प्रयोगांस व अडलेल्या मुलाजवळ बसण्यास मोकळा राहतो.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ साली अनेक अभ्यास पडताळून पाहिले. अशा जोडपद्धतीने शिकणारे केवळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा सरासरीने काहीसे पुढे आढळले. मात्र त्यांना वेळ व साहित्यही बहुधा अधिक मिळाले होते. तेव्हा सारे श्रेय यंत्रास देता येत नाही.

आपल्याकडे २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा कित्येक घरांत एकच मोबाईल होता. पालकहो, असा मोबाईल मुलाच्या हाती आधी आणि मुलीच्या हाती उरल्या वेळी, असे होऊ देऊ नका. दोघांच्याही वेळा ठरवून द्या. पाठ संपताच, न समजलेले वहीत लिहावयास सांगा आणि ती वही शाळेत पाठवा. मुलाच्या कपाळावरची आठी शिक्षकांनाच दिसते.