यंत्राने किती चुकावे?

जानेवारी २०२३ मध्ये चेस डॉट कॉमवर ‘मिटन्स’ नावाचे मांजराचे पिल्लू खेळायला आले. टपोरे डोळे, गोंडस चेहरा आणि नावापुढे रेटिंग अवघे १. त्या आकड्याला भुलून पटावर बसलेल्यांची त्याने दाणादाण उडवली, कारण चित्रामागे ग्रँडमास्टरलाही न आवरणारे इंजिन होते. तंत्राच्या दृष्टीने यात नवल काहीच नव्हते. अजिंक्य इंजिन आज फुकट मिळते. नुकत्याच सोंगट्या हलवू लागलेल्या शाळकरी मुलासारखा खेळणारा प्रतिस्पर्धी घडवणे मात्र कितीतरी अवघड आहे.

ताकदीचा प्रश्न तसा जुना झाला. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला ३.५–२.५ असे हरवले, तेव्हा ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होते. आता खिशातल्या फोनवरचे ‘स्टॉकफिश’ त्याहून सरस खेळते. खेळ बनवणाऱ्यांपुढे उरतो तो उलटा प्रश्न: याला खाली आणायचे कसे?

पहिले उत्तर होते वेळ. १९७७ चा फिडेलिटी कंपनीचा ‘चेस चॅलेंजर’ एकाच पातळीवर खेळे. पुढे तीन आणि दहा पातळ्यांची यंत्रे आली. १९७९ मध्ये अटारीच्या ‘व्हिडिओ चेस’ने अवघ्या १२८ बाइट रॅमवर आठ पातळ्या बसवल्या. पातळी वाढली की विचाराचा वेळ वाढे, आणि सर्वांत कठीण पातळीवर एका चालीसाठी तासन्‌तास थांबावे लागे.

पण कमी वेळ मिळालेले यंत्र माणसासारखे चुकत नाही. दोन-तीन चालींच्या आतला दुहेरी हल्ला त्याच्या नजरेतून सुटत नाही, बिनआधाराचा घोडा ते सोडत नाही. नवशिक्याच्या चुका नेमक्या याच असतात. उलट पाच-सहा चालींनंतर येणारे संकट यंत्राला दिसतच नाही. त्यामुळे नवख्याला ते फार कठीण वाटते, तर जाणत्याला त्याची खोड लवकर सापडते.

दुसरे उत्तर म्हणजे मुद्दाम चुकणे. स्टॉकफिशमध्ये ० ते २० अशी कौशल्यपातळी ठरवता येते. विसाच्या खाली ते किमान चार उमेदवार चाली समोर ठेवते, त्यांच्या गुणांत यदृच्छेची भर घालते आणि मग निवड करते. पातळी जितकी खाली, तितकी ही भर मोठी. ‘लिचेस’ या मोफत संकेतस्थळाच्या आठ पातळ्या कौशल्य, खोली (किती चाली पुढे पाहायचे) आणि वेळ अशा तिन्ही लगामांवर चालतात. पहिल्या पातळीला ५ खोली आणि एका सेकंदाचा विसावा भाग मिळतो. आठवीला २२ खोली आणि पूर्ण सेकंद.

यातून जे घडते ते खेळणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. बराच वेळ नेटका खेळ, आणि अचानक वजीर फुकट. कसलेल्या मल्लाने जोरात चाललेल्या कुस्तीत मध्येच स्वतःहून पाठ टेकावी, तसे हे वाटते. डाव जिंकूनही समाधान मिळत नाही.

अमेरिकी संगणकतज्ज्ञ टॉम मर्फी यांनी २०१९ मध्ये हीच युक्ती टोकाला नेली. त्यांनी स्टॉकफिशच्या चालींत वेगवेगळ्या प्रमाणात निव्वळ यादृच्छिक चाली मिसळल्या आणि दुबळ्या खेळाडूंची एक अखंड शिडीच तयार केली. म्हणजे हवे ते रेटिंग गाठणे शक्य आहे. अडचण रेटिंगच्या स्वभावातच आहे. अर्पाद एलो यांच्या पद्धतीनुसार २०० गुणांनी वरचढ खेळाडूला सुमारे ७६ टक्के गुण अपेक्षित असतात. हे गणित निकाल मोजते. चूक कोणत्या जातीची होती, हे त्याला कळत नाही.

तिसरे उत्तर २०२० मध्ये आले. कॉर्नेल आणि टोरँटो विद्यापीठे व मायक्रोसॉफ्ट रिसर्च येथील संशोधकांनी ‘माया’ ही नऊ न्यूरल जाळी तयार केली. ११०० पासून १९०० पर्यंतच्या प्रत्येक रेटिंगपट्ट्यासाठी एक, आणि प्रत्येकाच्या शिकवणीला लिचेसवरचे १.२ कोटी मानवी डाव. सर्वोत्तम चाल कोणती, हे माया शोधत नाही. या पट्ट्यातला माणूस काय खेळेल, एवढेच ती सांगते. पुढच्या चाली न तपासताही तिचा अंदाज निम्म्याहून अधिक वेळा बरोबर येतो. तिच्या चुकाही ओळखीच्या वाटतात.

तरी एक पेच राहिलाच. ११०० च्या डावांवर शिकलेली माया लिचेसवर ११०० हून बरीच वरचढ ठरली. कारण सरळ आहे: हजारो जण जी चाल खेळतात तीच निवडली, की एकेकट्याच्या विचित्र घोडचुका आपोआप गळून पडतात. गर्दीचे सरासरी मत गर्दीतल्या माणसापेक्षा शहाणे निघाले.

चौथी वाट जुनी आहे: सोंगटीची सूट. ‘लीला’ इंजिनाचे काही बॉट लिचेसवर घोडा किंवा चक्क वजीर काढून खेळतात. साधे इंजिन अशा वेळी समोरचा अचूकच खेळेल असे धरून चालते आणि निमूट हरते. सूट देऊन खेळायच्या डावांसाठी तयार केलेली लीला मारामारी टाळते, पट गुंतागुंतीचा ठेवते आणि माणसाच्या चुकीची वाट पाहते. इथे तिला वेड पांघरावे लागत नाही. पूर्ण ताकदीने खेळूनही डाव रंगतो.

घरी सराव करणाऱ्यांनी यातून एवढे घ्यावे. बॉटच्या नावापुढचा आकडा म्हणजे फिडे रेटिंग नव्हे. एकाच पातळीशी वीसेक डाव खेळा आणि गुण मांडा. दहाच्या आसपास आले, तर ती पातळी तुमच्या तोडीची. पंधराच्या वर गेले, तर पुढच्या पातळीवर जा.