लोभी, आळशी, मठ्ठ? मेंदूची बाजूही ऐका

2022 च्या सुरुवातीला कापसाचा भाव क्विंटलमागे दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांत कापूस आला आणि तसाच पडून राहिला. ओसरीत ढीग, पुढच्या खोलीत ढीग, काही घरांत तर माणसं निजायची तिथेही ढीग. लांब धाग्याचा हमीभाव 6,380 रुपये होता, बाजारात आठ हजारांच्या आसपास मिळत होते. लोक दहा हजारांची वाट पाहत राहिले. कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटली, कापसातली ओल उडून वजन घटलं, भाव आणखी उतरला, आणि शेवटी मिळेल त्या पैशात माल गाडीत भरावा लागला. पारावर निकाल लागून गेला होता: शेतकऱ्याला लोभ सुटला.

हा निकाल मला मान्य नाही. आठ हजार रुपये हमीभावापेक्षा चांगले दीड हजारांनी जास्त होते, तरी ते हातात घेताना नुकसान झाल्यासारखं का वाटलं? कारण मेंदू आकडा नुसता पाहत नाही, त्याची तुलना अपेक्षेशी करतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी जोरात चेतायच्या. रसाआधी दर वेळी दिवा लागू लागला, तेव्हा काही दिवसांनी त्या दिवा लागताच चेतू लागल्या, रस आला तेव्हा शांत. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही थंड पडल्या. 1997 मध्ये याचा अर्थ नीट मांडला गेला: या पेशी मिळालेलं मोजत नाहीत, अपेक्षा आणि मिळकत यांतला फरक मोजतात. अपेक्षेपेक्षा जास्त आलं तर 'हे पुन्हा कर', कमी आलं तर 'इथे चुकलं'.

दहा हजार पाहिलेल्या घरात आठ हजार म्हणजे दिवा लागून रस न येणं. शिवाय तोटा माणसाला तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त बोचतो, हे डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलं होतं. तोटा पदरात घेण्यापेक्षा थांबणं बरं वाटतं. हे शेतकऱ्याचंच नाही. घसरलेला शेअर 'मूळ किमतीला आला की विकू' म्हणून धरून बसणारा नोकरदारही तेच करतो, पण त्याला कुणी लोभी म्हणत नाही. अर्थात घरात कापूस ठेवण्यामागे नुसता मेंदूचा हा स्वभाव नव्हता. आधीच्या वर्षी थांबलेल्यांना खरोखरच चार पैसे जास्त मिळाले होते. अनुभवातून शिकणं म्हणतात ते हेच. फक्त एका वर्षाचा अनुभव पुढच्या वर्षाला लागू पडला नाही.

डोपामिनचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गैरसमज. मोबाइलवर सगळे त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणतात, आणि ते काही दिवस 'बंद' ठेवण्याचे सल्ले देतात. डोपामिन काढून घेतलेल्या उंदरांवरचे प्रयोग याच्या उलट सांगतात. समोर अन्न असूनही ते उंदीर खायला उठत नाहीत, उपाशी राहतात. पण त्यांच्या तोंडात गोड घातलं तर ते चवीने जिभल्या चाटतात. म्हणजे गोडी शाबूत असते, गेलेली असते ती उठून जाण्याची ओढ. कंपवातात डोपामिनच्या याच पेशी मरत जातात. हालचाल मंदावते आणि अनेक रुग्णांची कशातच उमेद राहत नाही. हे रसायन बंद ठेवायची गोष्टच नाही.

यातून घरोघरी ऐकू येणाऱ्या एका वाक्याचा उलगडा होतो: 'आधी मन लागू दे, मग अभ्यासाला बसतो.' पोरगं असं म्हणतं आणि बाप त्याला आळशी ठरवतो. दोघांचीही समजूत अशी, की उमेद आधी आणि काम नंतर. मेंदूत बरेचदा क्रम उलटा असतो. काम सुरू होतं, एक गणित सुटतं, अपेक्षेपेक्षा बरं जमलं असा संदेश जातो आणि पुढच्या गणिताची ओढ तयार होते. नैराश्यावरच्या एका मान्य उपचारपद्धतीत रुग्णाला मन होईपर्यंत थांबायला सांगत नाहीत. ठरल्या वेळी ठरलेलं लहानसं काम आधी करायला लावतात. ज्या मुलाला दर वेळी पेपर हातात आला की शिव्याच मिळतात, त्याच्या मेंदूने पुस्तकाकडे न फिरकणं हे त्याच नियमाने शिकून घेतलेलं असतं.

'वाचलेलं राहत नाही, पोरगं मठ्ठ आहे' हेही तपासून पाहा. तो कसा वाचतो? बहुतेक मुलं धडा पुन्हा पुन्हा वाचतात. ओळखीचं वाटू लागलं की झालं पाठ! 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक उतारा त्यांनी दोनदा वाचला, दुसरा एकदा वाचून मिटला आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला. आठवड्याने मात्र दोनदा वाचलेल्यातलं 42 टक्के आठवलं, मिटून लिहिलेल्यातलं 56 टक्के. आठवायचा प्रयत्न हाच अभ्यास आहे. मध्ये अंतर गेलं की तो आणखी पक्का होतो. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती 21 फेब्रुवारी ते 19 जून अशा अठरा रविवारी, दर रविवारी एक अध्याय. साने गुरुजी ती उतरून घेत. अनेक प्रवचनांत विनोबा आधीचा अध्याय आठवून मगच पुढे जातात. एका बैठकीत सगळं उरकणाऱ्याला हा लाभ नाही.

आणि सगळं शिकणं शब्दांतच असतं असंही नाही. आपल्याकडे खापरावरची पोळी करणारी बाई पुरण भरलेला गोळा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवते आणि पालथ्या खापरावर अलगद टाकते. तिला विचारा, कसं करता? ती म्हणेल, 'हात बसला आता.' हे अगदी शास्त्रशुद्ध उत्तर आहे. 1953 मध्ये हेन्री मोलायसन या अमेरिकन माणसाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्याला नव्या घटना आठवेनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारला, पण हे आपण आधी केलंय हे त्याला एकदाही आठवायचं नाही. हाताचं कसब मेंदूत वेगळ्या वाटेने साठतं. ज्या मुलाला व्याख्या येत नाही पण जो मोटार खोलून पुन्हा जोडतो, त्याला 'डोकं नाही' म्हणणं नुसतं कठोर नाही, चुकीचं आहे.

मेंदूबद्दलच्या इतर समजुतींपैकी, आपण त्याचा दहाच टक्के भाग वापरतो, ही तर निव्वळ दंतकथा. शरीराच्या दोन टक्के वजनाचा हा अवयव ऊर्जा खातो वीस टक्के. नव्वद टक्के रिकामं ठेवून एवढा खर्च कोण करेल?

'आता या वयात काय शिकायचं' याला मात्र थोडा वेळ द्यायला हवा, कारण हे वाक्य जास्त करून बायांना ऐकवलं जातं. 2010 मध्ये स्टानिस्लास दहान या मेंदूशास्त्रज्ञाच्या गटाने ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या प्रौढांचे मेंदू तपासले. मोठेपणी अक्षर शिकलेल्यांच्या मेंदूतही अक्षरं ओळखणारा भाग तयार झालेला होता. वयाने शिकणं मंदावतं, थांबत नाही. आणि अक्षर नाही म्हणजे बुद्धी नाही, हे तर खानदेशाने कधीच म्हणू नये. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपली आणि 1952 मध्ये, त्या गेल्यानंतर, पुस्तकात आली. माणसाचं मन किती चंचल आहे हे त्यांनी शेतात पाहिलेल्या गोष्टींवरून मांडलं. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

शेवटी पुन्हा कापसाकडे. भाव समोर आल्यावर डोकं अपेक्षेच्या मागे धावतं, म्हणून निर्णय त्याआधी घ्यावा लागतो. यंदा पहिली वेचणी घरात यायच्या आत भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन गोष्टी लिहून ठेवा: कोणत्या भावाला विकायचं, आणि कोणत्या तारखेनंतर थांबायचं नाही. लिहिताना घरच्या बाईलाही विचारा, खाज तिलाही सुटते.