दूरवैद्यक : पडद्यावरील भेट आणि तिचे कुलूप

रायपूर आणि नागपूर यांचे नाते जुने आहे. छत्तीसगडवरील नागपूरकर भोसल्यांची सत्ता १८५४ मध्ये संपुष्टात आली, तरी पुढे १९५६ पर्यंत रायपूरकरांची राजधानी नागपूरच होती. सरकारी कागद त्या काळी जसे नागपूरला जात, तसे येथील मराठी कुटुंबांतील दुखणाईत माणूस आजही पुष्कळदा नागपूरची गाडी धरतो. सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास, नातेवाइकाकडे मुक्काम, दवाखान्यातील प्रतीक्षा, आणि अखेर दहा मिनिटांची भेट! शस्त्रक्रियेसाठी हे सारे ठीक. परंतु साखरेचा अहवाल दाखवून गोळीची मात्रा ठरवून घेण्यासाठी सत्तरीतील गृहस्थाने दोन दिवस मोडावेत, हे काही न्याय्य नव्हे.

दूरवैद्यकाची कल्पना यातूनच रुजली. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘इस्रो’ने उपग्रहाच्या साहाय्याने निरनिराळ्या राज्यांतील रुग्णालये जोडली, त्यांत छत्तीसगडही होते. मात्र त्या व्यवस्थेसाठी रुग्णालयात अँटेना, निराळी खोली आणि जाणकार माणूस लागे. रुग्णाच्या घरापर्यंत ती पोहोचणे शक्यच नव्हते. खरे वळण आले ते टाळेबंदीच्या काळात. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि नोंदणीकृत डॉक्टरला देशाच्या कोणत्याही भागातील रुग्णास दूरस्थ सल्ला देण्याची स्पष्ट मुभा मिळाली. त्याच वर्षी १३ एप्रिलला केंद्र शासनाच्या ‘ई-संजीवनी’ सेवेचा घरबसल्या सल्ल्याचा विभाग सुरू झाला. मोबाईल क्रमांकावर ओटीपी, मग टोकन, रांगेत प्रतीक्षा, दृक्-भेट आणि शेवटी संगणकीय औषधचिठ्ठी असा हा क्रम. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेवरील सल्ल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली.

आता रायपुरातील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबांकडे सहा वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड फोन, त्याची साठवण नातवंडांच्या छायाचित्रांनी भरलेली. सुनेकडे आयफोन. पुण्याच्या मुलाकडे कार्यालयाचा लॅपटॉप, ज्यावर नवे सॉफ्टवेअर टाकण्यास मनाई. डॉक्टर नागपुरात, त्यांच्यापुढे रुग्णालयाचा संगणक. या चौघांना एका पडद्यावर आणावयाचे, तर ‘अमुक ॲप उतरवून घ्या’ असे म्हणताच आजोबांचा फोन जागा नसल्याचे सांगून मोकळा होतो. मग काय घडते? डॉक्टरांचा साधा क्रमांक शोधला जातो, अहवालाचे छायाचित्र मिळेल त्या मार्गाने धाडले जाते, आणि सुरक्षित म्हणून उभारलेली व्यवस्था रिकामीच राहते. रुग्णाच्या फोनवर न चालणारी सुरक्षितता रुग्णाच्या काय कामाची?

या अडचणीवरचा मार्ग ब्राउझरमधून निघाला. ‘वेबआरटीसी’ नावाच्या तंत्रामुळे निराळे ॲप न घेता, संदेशात आलेल्या दुव्यावर बोट ठेवताच दृक्-भेट सुरू होऊ शकते. प्रारंभी चित्र कोणत्या पद्धतीने आकुंचित करावयाचे यावरून कंपन्यांत मोठा वाद होता. अखेर ब्राउझरने व्हीपी८ आणि एच.२६४ या दोन्ही पद्धती जाणाव्यात असे २०१६ च्या मानकाने ठरविले. २०१७ मध्ये आयफोनचा सफारी ब्राउझरही या पंक्तीत आला आणि जानेवारी २०२१ मध्ये या तंत्रास अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. जाळे क्षीण झाले की चित्र आपोआप धूसर होते, पण आवाज टिकतो; कारण ‘ओपस’ ही आवाजाची पद्धत सेकंदाला अवघ्या सहा किलोबिटांवरही निभावून नेते. डॉक्टरला रुग्णाचा चेहरा क्षणभर दिसला नाही तरी चालते. औषधाचे नाव अर्धवट ऐकू आलेले मात्र चालत नाही.

कुलपाचे काय? या तंत्रात सांकेतिकीकरण ऐच्छिक नाही, सक्तीचेच आहे. वाटेत कोणी संभाषण अडविले तरी त्याच्या हाती निरर्थक आकडे लागतात. तथापि येथे एक बारकावा आहे, आणि बँकेच्या ग्राहकास तो चटकन उमगेल. लॉकर उघडण्यास दोन किल्ल्या लागतात, बँकेला तो एकटीने उघडता येत नाही. दोघांतील थेट भेट बव्हंशी अशीच असते. परंतु पुण्याचा मुलगा तिसरा म्हणून सामील झाला, की बहुतेक व्यवस्थांत संभाषण मधल्या सर्व्हरवरून जाते. तेथे ते उघडून, पुन्हा मोहोरबंद करून पुढे पाठविले जाऊ शकते. वाटेवरची कुलपे शाबूत असतात, पण एक किल्ली मधल्या कारभाऱ्याकडेही असते. म्हणून तो सर्व्हर कोणाचा, संभाषण ध्वनिमुद्रित होते काय, हे विचारण्यास संकोच नसावा. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयास ‘झूम’विषयी सावधगिरीची सूचना काढावी लागली होती, हे अनेकांस स्मरत असेल.

मार्गदर्शक तत्त्वांतील एक कलम तर सर्वांनी वाचावे असे आहे. तांत्रिक त्रुटीमुळे किंवा अन्य व्यक्तीमुळे गोपनीयतेचा भंग झाल्याचा सयुक्तिक पुरावा असल्यास डॉक्टरला जबाबदार धरले जात नाही. डॉक्टरच्या दृष्टीने हे रास्तच आहे. पण याचा अर्थ असा, की आपल्या बाजूच्या दाराची राखण आपणच करावयाची. दुवा ओळखीच्या रुग्णालयाकडूनच आला आहे ना, हे पाहावे. सल्ल्याच्या निमित्ताने कोणी ‘स्क्रीन शेअर करा’ किंवा ‘बँकेचा ओटीपी सांगा’ म्हणाला, तर तो डॉक्टर नव्हे! डॉक्टरचा नोंदणी क्रमांक औषधचिठ्ठीवर असावाच लागतो. मागील भेटीस सहा महिने उलटले असतील, तर नव्या सल्ल्याची गणना पहिली भेट म्हणून होते आणि कोणती औषधे लिहिता येतील यावर मर्यादा येते. मादक द्रव्यांच्या कायद्याखालील औषधे तर दूरस्थ सल्ल्यात लिहिताच येत नाहीत.

ज्यांच्या हाती असा फोनच नाही, त्यांचे काय? रायपूरहून जगदलपूरही साधारण नागपूरइतकेच दूर, आणि त्याही पलीकडे बस्तरची गावे. त्यांच्यासारख्यांसाठी ‘ई-संजीवनी’चा दुसरा विभाग आहे. रुग्ण जवळच्या आरोग्य केंद्रात येतो, तेथील आरोग्य अधिकारी त्याच्या शेजारी बसून दूरच्या डॉक्टरशी पडद्यावर बोलतो. उपकरणांची भिन्नता येथे उरतच नाही.

मात्र केंद्राचे दार उघडे असते आणि बाहेर रांग असते. शहरी घरातही याहून फार निराळे नसते. फोन मुलाने धरलेला, सून शेजारी, टीव्हीचा आवाज बारीक केलेला. आणि आजींना डॉक्टरांना जे सांगावयाचे आहे ते मुलादेखत सांगवत नाही. अनुभवी डॉक्टर अशा वेळी तपासणीपूर्वी एवढेच विचारतात, “आजी, खोलीत आत्ता कोण कोण आहे?” मुलगा फोन उशीला टेकवून बाहेर जातो, दार लोटले जाते, आणि मग आजी बोलू लागतात.