पेटी गाडीत चढवण्याआधी बिल्टीवर मालाची किंमत टाकली का?

मसाले, लोणची, कुरडया करून बाहेरगावच्या दुकानांना पाठवणारे बचत गट आपल्या भागात बरेच आहेत. माल चांगला असतो, गिऱ्हाईकही मिळतं. पण कमावलेला पैसा कधी कधी वाहतुकीत जातो. म्हणून ट्रान्सपोर्टला माल देताना या चार गोष्टी बघून घ्या.

1. भाडं कोण देणार?
माल दिल्यावर मिळते ती पावती म्हणजे बिल्टी, तिलाच एलआर म्हणतात. तिच्यावर 'पेड' असेल तर भाडं पाठवणाऱ्यानं भरलं, 'टू पे' असेल तर घेणारा भरणार. हमाली आणि दुकानापर्यंत पोचवण्याचा खर्च कोणाकडे, हेही दुकानदाराशी आधीच बोलून घ्या. नाहीतर तो माल सोडवत नाही आणि पेट्या गोदामात पडून राहतात.

2. वजन हलकं, भाडं जड
कुरडयांसारखा माल जागा जास्त खातो, म्हणून त्याचं भाडं आकारावर लागतं. कुरिअरवाले बहुधा पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात. 50 × 40 × 40 ची पेटी काट्यावर 7 किलो भरली तरी भाडं 16 किलोचं लागतं. ट्रान्सपोर्टचा हिशोब वेगळा असतो, तो आधी विचारा. पेटी मालाच्या मापाचीच घ्या.

3. नुकसान झालं तर?
रस्ते मालवाहतुकीचा 2007 चा कायदा आणि 2011 चे नियम सांगतात, की माल हरवला किंवा फुटला तर ट्रान्सपोर्टची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते. समजा 30,000 रुपयांचं लोणचं पाठवलं आणि भाडं होतं 600. मग मिळणार जास्तीत जास्त 6,000. बाकीचे 24,000 गटाच्या डोक्यावर. हे टाळायचं तर मालाची खरी किंमत लिहून द्या आणि जादा जोखमीचा दर भरून तसं बिल्टीवर घ्या, नाहीतर वाहतुकीचा विमा काढा. नुकसान झालंच तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टला लेखी नोटीस द्या. नुसत्या फोनवर भागत नाही. नोटीस नसेल तर कोर्टात दावा टिकत नाही.

4. ई-वे बिल
जीएसटी लागणारा माल परराज्यात पाठवताना किंमत 50,000 रुपयांच्या वर गेली, की ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाख आहे. साध्या मालगाडीसाठी दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते.

गाडी सुटण्याआधी पेट्यांचा आणि बिल्टीचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा. पुढे वाद झाला तर तोच कामाला येतो.